भीमथडीच्या जत्रेत आपलं ताट

सणसवाडीच्या एखाद्या मुस्लिम घरात पुण्याला जायचा बेत ठरला की पहिला प्रश्न वाघोलीच्या वाहतूक कोंडीचा आणि दुसरा जेवणाचा. पहिल्या प्रश्नावर घरातले पुरुष भरपूर बोलतात. दुसऱ्यावर अम्मी काही न बोलता पहाटे उठते आणि डबा करायला घेते. खिमा, चपात्या, लिंबाचं लोणचं, मुलांसाठी उकडलेली अंडी. बाहेर काय मिळेल, कुणी कापलेलं असेल, कुठल्या तेलात तळलेलं असेल, त्यापेक्षा घरचं बरं. डबा नसेल तर सरळ कॅम्प नाहीतर कोंढवा गाठायचा, ओळखीच्या हॉटेलात बिर्याणी खायची आणि अंधार पडायच्या आत नगर रस्त्याला लागायचं. तीसेक किलोमीटरवरचं शहर, पण आपल्या वाट्याला त्यातल्या दोन-तीन गल्ल्याच येतात.

हलालची काळजी घेणं रास्तच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या काळजीच्या नावाखाली आपण किती दारांवरून नुसतेच पुढे जातो, याचा हिशेबही कधीतरी करायला हवा. शिवाय सुट्टीच्या दिवशी जिला पहाटे चारला पोळपाट मांडावा लागतो, तिची सुट्टी झाली कुठे?

म्हणून यंदा डिसेंबरातला एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात शिवाजीनगरजवळच्या सिंचननगर मैदानावर भीमथडी जत्रा भरते. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने सुरू केलेली ही जत्रा आता पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे. राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या बाया तिथं चुली मांडतात, आणि शहरातली खवय्यी मंडळी भाकरीसाठी रांगा लावतात.

या नावाकडे आपण जरा थांबून बघायला हवं. थडी म्हणजे काठ. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आजचा दौंड त्याच भागातला. भीमथडीच्या तट्टांचं नाव तर राज्यगीतातही आहे. सणसवाडीहून कोरेगाव भीमाच्या पुलापर्यंत जायला किती वेळ लागतो? म्हणजे पुण्यात जी जत्रा बघायला लोक तिकडून येतात, ती आपल्याच नदीच्या नावाची आहे. तिथं जाताना पाहुण्यासारखं दबकत जाण्याचं काही कारण नाही.

जायचं कसं तेही सांगतो. गाडी वाघोलीतून कशीबशी रामवाडीपर्यंत आणावी आणि तिथं मेट्रो धरावी. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि नगर रस्त्याच्या लोकांची मोठी सोय झाली. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की पुढचं स्टेशन शिवाजीनगर. तिथून रिक्षा. मुलांना मेट्रोचीच मजा जास्त वाटेल, ते वेगळं. एक लक्षात ठेवा, १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला लाखोंचा समुदाय येतो आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. डिसेंबरअखेरचा मुक्काम लांबवण्याचा विचार असेल तर हे आधीच धरून चालावं.

चुलीपुढं

जत्रेत शिरलं की आधी धूर येतो. मग भाकरी थापल्याचा आवाज. दुपारच्या आत पोहोचावं, कारण संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि लहान मुलं हाताशी असली की खाण्याकडे लक्षच राहत नाही.

पहिला मान हुरड्याला द्या. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, गरम असतानाच चोळून दाणे काढायचे आणि लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचे. हे शिरूर तालुक्याच्या माणसाला शिकवायला नको. पण कंपनीच्या नोकरीसाठी सणसवाडीत येऊन राहिलेल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलांनी ज्वारीचं शेत रस्त्यावरून जाताना पाहिलेलं असतं, आगटी नाही.

मग मांडे. खानदेशातल्या बाया मांडे करतात ते बघण्यासारखं काम आहे. गव्हाची सैल, चिवट कणीक, आत पुरण, आणि लाटणं जवळजवळ नाहीच. दोन्ही हातांवर उलटसुलट झेलत तो मांडा मोठा करत न्यायचा आणि उलट्या ठेवलेल्या खापरावर अलगद टाकायचा. आपल्याकडे लग्नाच्या भटारखान्यात रुमाली रोटी करणारा बावर्चीही हेच करतो. हातांवर फिरवतो आणि उलट्या कढईवर टाकतो. त्याच्या रोटीत पुरण नसतं एवढाच फरक. पुरणासकट ती न फाटता मोठी करणं अधिक कठीण, हे आमचं मत. बावर्चींनी रागावू नये.

याशिवाय थालीपीठ, वांग्याचं भरीत, पिठलं, खर्डा, तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या. आणि बाजरीची भाकरी. हिवाळ्यातली बाजरी, वर लोण्याचा गोळा. दख्खनी मुसलमानाचं जेवण म्हणजे बिर्याणी, हा समज हॉटेलांच्या पाट्यांनी पसरवला आणि आता आपली मुलंही तोच खरा मानतात. गावाकडच्या आपल्या घरांत बिर्याणी व्हायची लग्नाला, ईदला, पाहुणा आला तर. एरवी भाकरी आणि सालन, भाकरी आणि आमटी, भाकरी आणि ठेचा. पाया केला तरी तो भाकरी कुस्करूनच खायचा. नमाजाची वेळ वेगळी, सण वेगळे, पण तवा आणि काठवट शेजारणीच्या घरात होती तीच आपल्या घरात. जत्रेतल्या भाकरीचा पहिला घास घेतल्यावर आजीची आठवण झाली तर त्यात नवल नाही.

मुलाणी कुठं गेला?

जत्रेत मटण-भाकरीचे स्टॉल असतात. तांबडा रस्सा उकळत असतो, वास दूरवर जातो, मुलं हात ओढतात. आणि नेमक्या इथं आपली पावलं अडखळतात.

थोडं मागं जाऊ. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने १८२६ मध्ये गावच्या बारा बलुतेदारांची यादी दिली आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट अशी नावं घेत ती मुलाण्यापर्यंत येते. मशिदीची आणि पिराच्या जागेची देखभाल करणं हे मुलाण्याचं काम, आणि गावात बकरं कापायचं असेल तर अल्लाहचं नाव घेऊन ते हलाल करणं हेही त्याचंच. त्याबद्दल त्याला सुगीत धान्याचं बलुतं मिळे आणि कापलेल्या जनावरात वाटा असे. म्हणजे पाटलाच्या वाड्यावर शिजणारं मटणही बहुधा मुलाण्याच्या सुरीखालून आलेलं असायचं. गावाने ही व्यवस्था कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या सोयीने आणि विश्वासाने लावून घेतली होती. मुलाणी हे आडनाव आजही पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागात गावोगाव आहे. तुमच्या नात्यातही असेल.

मराठी गावाचा मटणाचा रस्सा आणि हलाल या दोन गोष्टी अशा शेकडो वर्षं एकाच पातेल्यात होत्या. आता त्या वेगळ्या काढायचं काम चाललं आहे. मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आलं. ज्याला जे खायचं ते त्याने खावं. पण त्यामुळे आपल्याला विचारून घेण्याची गरज वाढली, हे खरं. देवाच्या नावाने सोडलेल्या बकऱ्याचं मटण हा तर पूर्वीपासूनच निराळा मामला, तो आपल्यासाठी हलालमध्ये बसत नाही, मग कापणारा कुणीही असो.

तर विचारावं. ऑर्डर देण्याआधी, मराठीत, सरळ: "ताई, मटण कुठल्या दुकानातून आणलंय? हलाल आहे का?" बस्स. पुटपुटत नाही, माफी मागितल्यासारखं नाही, आणि मागे दहा माणसांची रांग असताना उलटतपासणीही नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपलं मटण कुठून येतं ते नेमकं ठाऊक असतं. तिचं उत्तर समाधानकारक असेल तर बिस्मिल्लाह म्हणून खावं. नसेल किंवा तिलाच खात्री नसेल, तर हसून "मग पिठलं द्या" म्हणावं. जैन माणूस कांदा-लसणाचं विचारतो, उपवासवाला साबुदाण्यात काय घातलं ते विचारतो, मधुमेहवाला साखरेचं. आपल्या प्रश्नात याहून वेगळं काय आहे? हा प्रश्न घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला विचारू द्या. ती तो आपल्यापेक्षा सहजपणे विचारते.

माशाला जबिहाची अट नाही, त्यामुळे तळलेल्या माशांच्या स्टॉलवर ही अडचण येत नाही. कोळंबीवरून मात्र हनफी उलमांत मतभेद आहेत, तर कोकणातल्या शाफई घरांत कोळंबी बिनदिक्कत शिजते. एकाच कुटुंबात रत्नागिरीची सून आणि शिरूरचा मुलगा असेल तर हा वाद स्टॉलपुढं न करता घरी करावा.

आणि ताटं मोजून घ्या. पाच माणसांनी पाच मटण थाळ्या घेतल्या की पुढचे स्टॉल नुसते बघायचे राहतात आणि निम्मं अन्न टाकलं जातं. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आहे आणि त्याच आयतीत इस्राफची मनाईही आहे. दोघांत एक ताट घ्यावं, सगळ्यांनी सगळं चाखावं.

रमजानमध्ये मोमीनपुऱ्यात आणि कौसरबागेत अर्धं पुणं खायला लोटतं. सदाशिव पेठेतली मुलंमुली रात्री बाराला उभ्याने मालपुवा खातात. त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही इकडे कसे. उलट दुकानदार आग्रहाने वाढतो. मग आपणही त्यांच्या जत्रेत तसंच जावं.

याच्यापुढची एक पायरी आहे, आणि या लेखात मला सर्वांत जास्त तीच सांगायची आहे. जत्रेत खायला जाणं ठीक, पण खाऊ घालायला कधी जाणार? आपल्या बायांच्या हातात काय कमी आहे? खिचडा घ्या. गहू, डाळी, मटण, रात्रभराचं घोटणं. मोहरममध्ये होणारे चोंगे आणि मलिदा घ्या. कित्येक गावांत ताबुतांसाठी हिंदू घरांतही ते होत आले आहेत, त्यामुळे ही चव अनोळखी नाही. कोकणी घरातलं सांदण घ्या, संभाजीनगरचा नान-खलिया घ्या. दिवसभर चालेल असा चुलीवरचा पाया आणि बाजरीची भाकरी घ्या. खवय्ये वेगळ्या चवीसाठीच तिकीट काढून आत येतात.

त्यासाठी आधी गट लागतो. दहा ते वीस जणींनी एकत्र यायचं, महिन्याची बचत ठरवायची, बँकेत खातं काढायचं, हिशेबाची वही नीट ठेवायची. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', आणि ग्रामीण भागात 'उमेद' अभियान हेच काम करतात. पंचायत समितीत विचारलं की गावच्या समन्वयक ताईपर्यंत पोहोचता येतं. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. मोठ्या जत्रेत एकदम उडी मारू नये. आधी तालुक्याच्या प्रदर्शनात, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी सणसवाडीच्या बाजारात चार आठवडे स्टॉल लावून बघावा. किती किलो पिठाच्या किती भाकऱ्या, गॅस किती, उरलं किती, हे तिथंच कळतं. "घरच्या बाईने बाजारात बसायचं?" असं विचारणारे भेटतील. हजरत खदीजा यांचा व्यापार होता, एवढं त्यांना सांगितलं तरी पुरे.

मगरीब कॅम्पात

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. असर उरकून जत्रेतून निघालात तर मगरीब कॅम्पात गाठता येते. घरातल्या बायांनी कुठं पढायची, हा प्रश्न मात्र पुण्यातही सुटलेला नाही. मशिदीत महिलांना प्रवेश मिळावा यासाठी पुण्यातल्याच एका दाम्पत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर इस्लाममध्ये महिलांना मशिदीत येऊन नमाज पढण्याची मुभा आहे, असं ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये न्यायालयात सांगितलं. मुभा आहे तर वुजूची जागा आणि एक खोलीही हवी. तोवर बहुतेक घरं करतात ते करा. नातेवाइकांकडे टेकायचं आधी ठरवून ठेवा आणि पिशवीत एक जानमाज टाका.

कॅम्पात रात्री जेवायचं काय, हे मी सांगायला नको. पण जेवणाआधी शिवाजी मार्केटच्या बाजूने एक फेरी मारा. दोराबजींचं हॉटेल १८७८ पासून चालू आहे. कयानीची श्रूजबेरी बिस्किटं घरी न्यायला लागतातच. चार बावडीजवळ हजरत बाबाजान यांचा दर्गा आहे. कडुनिंबाच्या झाडाखाली उन्हापावसात बसून राहिलेली ही पठाण स्त्री, १९३१ मध्ये वारली. मेहेरबाबा तिला आपली गुरू मानत. दर्ग्यांबद्दल आपल्या वाचकांत दोन मतं आहेत, तरी रस्त्यावर बसणाऱ्या एका बाईच्या नावाने पुण्यातला एक चौक ओळखला जातो, हे मुलींना सांगण्यासारखं आहे.

रविवारी पेठांत

रविवारी सकाळी मंडई स्टेशनला उतरा आणि गंज पेठेत जा. तिथं महात्मा फुल्यांचा वाडा आहे. विहीर आहे, तुळस आहे, समाधी आहे, भिंतींवर चित्रं आहेत. तिथून मोमीनपुरा चालत जाण्याइतका जवळ. माणसं मोमीनपुऱ्यात कबाब खायला येतात आणि वाड्याकडे न बघता परत जातात, हे आपल्याही लोकांचं होतं. सावित्रीबाईंनी आजारपणात माहेराहून, नायगावहून, १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय. शाळेचा भार उचलणाऱ्या या फातिमा शेख. मुलांना वाड्यात तासभर हिंडू द्या, मग मोमीनपुऱ्यात नाश्ता करा. या क्रमानेच करा, कारण उलट केलंत तर पोट भरल्यावर कुणी वाड्यात फिरत नाही.

दुपारी शनिवारवाडा. पुढच्या दिल्ली दरवाजापाशीच फोटो काढून लोक थकतात. उत्तरेकडच्या तटात मस्तानी दरवाजा आहे तो शोधा. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे, तोही बघा. आणि मग मस्तानी प्या. घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, त्यावर सुकामेवा. पुण्याच्या या थंडगार पेल्याच्या नावाबद्दल कथा अनेक सांगतात. डिसेंबरच्या थंडीत ती पिऊ नये असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, त्यांना चहा द्यावा.

पेला हातात असतानाच मुलांना सांगा की ही मस्तानी आपल्या शिरूर तालुक्यातली आहे. म्हणजे जन्माने बुंदेलखंडची, पण पाबळ हे बाजीरावाने तिला दिलेल्या इनाम गावांपैकी एक, आणि एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारल्यानंतर त्याच वर्षी ती गेली तेव्हा तिला पाबळलाच दफन केलं. तिचा मुलगा समशेरबहाद्दर मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये त्या लढाईतल्या जखमांनी गेला. पुढे बांद्याचे नवाब त्याच्याच वंशातले.

पाबळ सणसवाडीहून पुण्यापेक्षा जवळ आहे. शिक्रापूरला वळून राजगुरुनगरकडे जाणारा रस्ता धरायचा. भिंतीच्या आवारात साधी दगडी कबर आहे, शेजारी लहानशी मशीद. हे त्याच रविवारी जमवू नका, मुलं पेंगुळलेली असतात. पुढच्या सुट्टीला जा, फातेहा पढा, आणि येताना वाटेत कुणाच्या शेतात आगटी पेटलेली दिसली तर गाडी थांबवा. हुरडा तिथं जत्रेपेक्षा स्वस्त मिळतो.